आतली मूठ

शेडमध्ये त्या ट्रकला सगळे 'डबा' म्हणत, कारण त्याच्या पाठीवर खरोखरच एक लोखंडी डबा होता. लष्कराने कधीकाळी त्यात वायरलेस दुरुस्तीचं सामान ठेवलं होतं. लिलावात निघाल्यावर एका दंतवैद्याने तो घेतला आणि बायकोबरोबर हिंडायला त्यात झोपायची, रांधायची सोय करून मागितली. असल्या कामात शेड चालवणाऱ्या नवरा-बायकोचा हातखंडा होता. कापणं-जोडणं वेल्डरचं, म्हणजे नवऱ्याचं. आतली कपाटं, गाद्या, भिंतींचं अस्तर बायकोचं. लग्न होऊन आली तेव्हा ती फक्त गाद्या शिवायची, म्हणून नवऱ्याने तिचं नाव सुई ठेवलं. आता ती करवत त्याच्यापेक्षा सरळ चालवत होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

अंगणात सासूबाई खुर्ची टाकून बसत. सूतगिरणीत उभा जन्म गेल्यामुळे त्यांचे कान कधीच कामातून गेले होते. मुलाने आणलेलं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्या ते डबीतच ठेवत आणि जुन्या गाड्यांचे नटबोल्ट निवडत बसत. सुईशी त्यांचं भांडण नव्हतं. पण ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोललं की 'चहा ठेवू का?' हेसुद्धा भांडणासारखं वाटे. त्यामुळे दोघींनी बोलणंच कमी केलं होतं.

त्या दिवशी वेल्डरने मागचं एक चाक काढून ती बाजू जॅकवर उचलली. डब्याच्या दाराची आतली मूठ अडकत होती, तीही काढली आणि तिचा दांडा लेथवर नवा करून आणायला तो बाहेर पडला. चाक काढल्यामुळे डबा थोडा कलला होता, हे मात्र कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

सुई आत भिंतीला फोमचे तक्ते चिकटवत होती. उजेडाला बॅटरीचा दिवा होता. फोन बाहेर टेबलावर चार्जिंगला लावलेला. पाठीमागे काहीतरी हललंसं वाटून ती वळली, तर दार कोणी हलकेच ओढून घ्यावं तसं मिटत होतं. ती धावेपर्यंत बाहेरची अडसराची जड दांडी आपल्याच वजनाने खाचेत पडली. खट्.

आधी तिला हसूच आलं. मग तिचा हात मुठीकडे गेला, आणि तिथे नुसतं भोक होतं. त्यात बोट घातलं, गोंद पसरायच्या पट्टीचं टोक घालून फिरवलं. काही हललं नाही.

तिने हाका मारल्या. दाराला चौफेर रबराची जाड पट्टी होती. पाणी, धूळ काही आत येऊ नये म्हणून लष्कराने बसवलेली. आवाज तिच्यातून बाहेर जात नव्हता आणि गेला असता तरी ऐकणार कोण होतं? तिने दारावर जोरात लाथ घातली. तशी सबंध गाडी कण्हली आणि खाली कुठेतरी जॅक करकरला.

जॅक सरकला तर डबा कलंडेल, आणि सासूबाई त्याच अंगाला बसल्या होत्या.

त्यानंतर ती पाय आपटायलाही भ्यायली. पावलं मोजूनमापून टाकत ती गोंदाच्या डब्यापर्यंत गेली आणि झाकण दाबून बसवलं. पण दोन भिंतींना ओला गोंद फासलेला होता, त्याचं झाकण कुठून आणणार? वास डोक्यात चढू लागला होता. डोळे चुरचुरत होते, घशाला कोरड पडली होती. वेल्डर गेला की लेथवाल्याशी गप्पा मारत बसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एरवी त्यावरून ती त्याची खेचायची. आता त्या गप्पांच्या आठवणीने रडू फुटलं. रडताना श्वास जास्त लागतो असं वाटून तिने तेही गिळलं.

दिवा हातात घेऊन तिने भिंती चाचपल्या. गुडघ्याइतक्या उंचीवर एक गोल चकती सापडली. पूर्वी तिथून वायरी बाहेर जात असणार. चार स्क्रू होते, वर हिरव्या रंगाचे थर. गोंद पसरायच्या पट्टीने ती रंग खरवडत बसली. पट्टी दोनदा निसटून अंगठ्यात घुसली, पण ते तिला नंतर कळलं. तीन स्क्रू निघाले. चौथा हलेना. तिने चकतीच त्याच्याभोवती फिरवून बाजूला सारली आणि मागचं झाकण बोटांनी ढकललं. ते उघडलं.

भोकाला तोंड लावून ती नुसती हवा पीत राहिली. मग डोळा लावला. खुर्चीचे पाय दिसले, सासूबाईंची पाठ दिसली. "आई," ती ओरडली. पाठ हलली नाही. एक नट या डब्यातून त्या डब्यात गेला.

पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा कमरेला काहीतरी टोचलं. मोजायची पोलादी टेप. तिने ती भोकातून बाहेर सोडली. टेप थोडा वेळ हवेत ताठ राहिली आणि वाकून जमिनीवर पडली. ती ढकलत राहिली. पिवळी पट्टी मातीवरून सळसळत गेली आणि सासूबाईंच्या घोट्याला लागली.

सासूबाईंनी दोन्ही पाय वर घेतले. चप्पल काढली आणि त्या लवलवत्या टोकावर सटासट हाणायला सुरुवात केली. सुईने घाबरून टेप मागे ओढली. साप समजून त्या पळून गेल्या तर? पण साप मागे मागे सरपटत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. चप्पल हातात धरून त्या वाकून पट्टीमागोमाग आल्या आणि भोकासमोर थांबल्या. आत त्यांना सुनेचा एक डोळा दिसला.

दाराशी खुडबुड झाली. दांडी हलत नव्हती. ती उचलायला वेल्डरलाही खांदा लावावा लागे. खुडबुड थांबली. सुईने भोकातून पाहिलं तर सासूबाईंची पावलं दूर जात होती. त्या क्षणी तिचा धीर सुटला. कोणी पाहिलंच नसतं तरी चाललं असतं, पण कोणी बघून निघून जावं, हे तिला सोसेना.

पावलं परत आली. त्यांच्यासोबत चाकाचे नट सोडवायचा लांब पाइप जमिनीवरून फरफटत आला. तो दांडीत अडकला, कुरकुरला, आणि दारात उजेडाची चीर पडली.

सुई चालत उतरली नाही, पडली. सासूबाईंनी तिला काखेत हात घालून जॅकपासून दूर ओढत नेलं. तिने ओकारी काढली, त्यांनी पाठ चोळली.

"मला कसं कळणार गं?" त्या म्हणाल्या. "तू आत मेली असतीस तरी मी इथे नट निवडत बसले असते."

बऱ्याच वेळाने वेल्डर नवा दांडा घेऊन आला. आईने सगळं सांगितलं. तो दांडीकडे, जॅककडे, मग बायकोच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याने पहिलं काम केलं ते दारच बिजागऱ्यांतून उतरवून भिंतीला टेकवण्याचं.

अस्तराचं उरलेलं काम त्याने एकट्याने केलं. सुई पायरीपर्यंत जाई आणि घामाघूम होऊन मागे फिरे. मागच्या भिंतीत आतून ढकलून उघडणारी खिडकी पाडायची, हे मात्र तिने ठरवून टाकलं होतं. दंतवैद्य कुरकुरला. त्याला गाडीचं लष्करी रूप तसंच हवं होतं. "मग गाडी दुसरीकडे न्या," ती म्हणाली. ती जागची हलली नाही. खिडकी झाली.

भीती काही खिडकीने गेली नाही. घरात बाथरूमचं दार लावलं की तिचा श्वास अडके, आणि उघडं ठेवून अंघोळ कशी करणार? हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. एका सकाळी दाराबाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला. सासूबाई पाठ करून बसल्या होत्या.

"कडी लावू नकोस," त्या म्हणाल्या. "मी बसलेय. तू हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही, म्हणून मीच बोलत राहते."

आणि त्या सूतगिरणीच्या गोष्टी सांगू लागल्या, बहिऱ्या माणसाच्या खड्या आवाजात. कोणता मुकादम कोणाच्या मागे लागला होता, कोणाचा पदर यंत्रात अडकला. सगळी आळी ऐकत होती. सुईने दार लोटून घेतलं, बोटभर फट ठेवली आणि अंगावर पाणी घेतलं.