माझं शून्य कुणी उचललं?

मित्रांनो, मी बेटाच्या धक्क्याशी उभी असलेली एक जुनी भरतीपट्टी आहे. अंगावर आकडे, कमरेपर्यंत पाणी. समुद्र किती चढला, एवढंच मी सांगते. आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही मला बोलायला लावलं. तो राग अजून उतरलेला नाही.

माझा जन्म एका मोडक्या डोलकाठीतून झाला. सुतारबाबांनी वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीची वाट पाहिली, पाणी जिथं टेकलं तिथं पटाशीनं शून्य कोरलं आणि वर फूट मोजत दहापर्यंत गेले. "हे शून्य सांभाळ गं," असं ते लेकीला म्हणाले. ती लेक म्हणजे आजच्या मावशी. चाळीस वर्षं त्या रोज दोनदा येऊन माझा आकडा वहीत लिहितात.

आमचं बेट म्हणजे दोन डोंगर आणि त्यांना जोडणारी वाळूची चिंचोळी मान. पश्चिमेला काळा कडा, पूर्वेला चिखल, आणि मानेच्या मधोमध एक विहीर. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, दुधावर साय धरावी तसं. बेटाला गोड पाणी तेवढंच. पण लाटा मानेची वाळू ओढायच्या आणि माझ्या पायाशी आणून टाकायच्या. मान बारीक होत गेली, मी गाडली जात होते. मानेची उंची नऊ फूट, आणि मोठ्या भरतीला पाणी आठवर येऊ लागलं. आठवर आलं की बांध घालायचा, असा सरकारी कार्यालयाचा नियम. मावशींनी अर्ज केला.

कार्यालयानं तातडीनं रंगारी पाठवला.

तो ओहोटीला आला. शून्य दोन फूट वाळूखाली, ते दिसणार कुठून? माणूस नीटनेटका. त्यानं माझे कोरीव आकडे लांबीच्या लगद्यानं बुजवले, वाळूला लागून नवं शून्य काढलं आणि तिथून वर रंगवत गेला. पुढच्या मोठ्या भरतीला पाणी नेहमीच्याच जागी आलं आणि मी मुकाट सहा दाखवले. कार्यालयातल्या साहेबांनी फाइलवर लिहिलं: समुद्र दोन फूट उतरला आहे, सबब बांधाची आवश्यकता नाही.

मावशी धक्क्यावरच साहेबांना आडव्या गेल्या. "अहो, समुद्र नाही उतरला, आकडे चढलेत!"

"मावशी, पट्टी सरकारी आहे. ती खोटं कशाला बोलेल?"

"ती नाही बोलत. तुमचा रंग बोलतोय!"

"रंगकाम समाधानकारक, असा शेरा मारून झालाय. आता मागं कसं घेणार?"

मावशींनी फावडं आणलं आणि माझ्या पायाशी खड्डा खणला. बापाच्या हातचं शून्य वर आलं. साहेबांनी वाकून, चष्मा पुसून ते नीट पाहिलं.

"हे जुनं आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, शून्य कधी नवं असतं का हो?

महिन्याभरात वारा फिरला आणि भरती चढली. माझ्या रंगीत सातला पाणी लागलं. कागदावर अजून दोन फूट शिल्लक होते. समुद्रानं कागद वाचला नव्हता. तो मानेवरून सरळ पलीकडे गेला.

आठवड्यानं साहेब पाहणीला आले. घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी मावशींकडे पाणी मागितलं. एक घोट घेतला आणि थुंकले.

"मावशी, पाण्यात मीठ घातलंत?"

"आम्ही कशाला घालू? तुमच्या सात फुटांनी घातलं."

आता बांध झाला आहे. विहीर मात्र खारटच आहे, आणि मावशी या वयात नावेनं पलीकडून हंडे भरून आणतात. येताना थांबतात, माझा आकडा लिहितात. रंग त्यांनीच खरवडून काढला. मी पुन्हा कुरूप आणि खरी झाले.

म्हणून सांगते, मित्रांनो, मला नटवू नका. धक्क्यावरून जाल तेव्हा माझ्या पायाशी साचलेली वाळू तेवढी हातानं बाजूला करा आणि शून्य जागेवर आहे का बघा. साहेब कालही येऊन गेले. म्हणाले, "रंग छान होता हो, उगाच खरवडलात."