पलीकडे नेताना

"आई, मुलीचं वय किती आलं तुझं?" हेमाने विचारलं.

परीक्षा होती त्या कल्याणच्या शाळेबाहेर, नळापाशी, मुलींचा घोळका उत्तरं ताडून पाहत होता. सुभद्रेने प्रश्नपत्रिका मुठीत चुरगळली.

"आठ."

"आठ? माझं वीस आलंय!"

मायलेकी एकाच वर्षी मॅट्रिकला बसल्या होत्या. हेमा शाळेतून, सुभद्रा बाहेरून. डोंबिवलीच्या बालकमंदिरात सुभद्रा मुलं सांभाळायची. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवायचं तर मॅट्रिक हवंच, असं तिथल्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं. बीजगणित तिला हेमानेच शिकवलं, स्वयंपाकघराच्या फरशीवर, खडूने. "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, आई." "पलीकडे म्हणजे नेमकं कुठे गं?" असं विचारून सुभद्रेने लेकीची हसवून हसवून मुरकुंडी वळवली होती.

आता तिने उदाहरण मनात पुन्हा मांडलं. आई मुलीपेक्षा चोवीस वर्षांनी मोठी. चार वर्षांनी तिचं वय मुलीच्या तिप्पट होईल. मुलगी आज क्ष. चार वर्षांनी मुलगी क्ष अधिक चार, आई क्ष अधिक अठ्ठावीस. मुलीची तिप्पट म्हणजे तीन क्ष अधिक बारा. हे दोन्ही सारखे. बारा पलीकडे नेले की वजा होतात. अठ्ठावीसातून बारा गेले, सोळा उरले. दोन क्ष म्हणजे सोळा, तर क्ष आठ. पडताळा पाहिला: चार वर्षांनी मुलगी बारा, आई छत्तीस. बरोबर तिप्पट.

हेमाने बारा वजा करायच्या ऐवजी मिळवले होते. चाळीस, आणि त्याचे निम्मे वीस.

सुभद्रेने चुरगळलेली प्रश्नपत्रिका पिशवीत सारली.

"माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "मी काय, कालची शिकलेली."

"तरी म्हटलं!" हेमाचा चेहरा फुलला.

आणखी बरीच उत्तरं जुळली नाहीत. दर वेळी सुभद्रा हेच म्हणत राहिली.

निकालापर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही. हेमा मात्र मजेत होती. तिच्या सरांनी वर्गात एकदा दोन नाणी उडवून संभवाचं गणित शिकवलं होतं. ते तिने आईला ऐकवलं.

"बघ, चार शक्यता. दोघी पास, दोघी नापास, मी पास तू नापास, नाहीतर तू पास मी नापास. प्रत्येक शक्यतेचा संभव चारात एक."

"नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात गं. आपण कुठे सारख्या आहोत?"

"तेच म्हणते मी! ती चौथी तर धरायलाच नको."

सुभद्रेने तव्यावरची भाकरी उलटली. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तिच्या तोंडून निघून गेलं, 'दोघी नापास झालो तरी चालेल.' मग स्वतःचंच मागणं ऐकून ती दचकली.

निकालाच्या दिवशी प्रभाकर, तिचे यजमान, स्टेशनवरून पेपर घेऊन आले. बारीक आकड्यांवरून त्यांचं बोट सरकत गेलं आणि थांबलं.

"अगं, तुझा नंबर आहे!"

"आणि हेमाचा?"

त्यांनी बोट पुन्हा वर नेलं. दोनदा शोधलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

बऱ्याच वेळाने हेमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "तुला नळापाशीच कळलेलं ना?"

"हो."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"तुझे अजून पेपर राहिले होते, बाळ. ते तरी नीट जावेत म्हणून."

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या लक्ष्मीकाकूंची हाक आली. सुभद्रा चुलीशी वळली आणि पेटलेलीच चूल उगाच फुंकू लागली. दार हेमाने उघडलं.

"काय गं, लागला ना निकाल?"

"आई पास झाली, काकू." आवाज किंचित चिरकला, मग सावरला. "मी ऑक्टोबरला परत बसणार. बसा ना, साखर देते."

हेमा आत आली, फळीवरचा डबा काढला. सुभद्रेचे डोळे धुराने वाहत होते. हेमाने तिच्याकडे न पाहताच तिचा हात ओढला, तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली आणि डबा घेऊन बाहेर गेली.