आकांक्षा परत आली

प्रवेश परीक्षेचा निकाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागला. वडनेरच्या जिल्हा परिषद शाळेत श्रावण सरांनी मोबाईलवर आधी आकांक्षाचा नंबर टाकला आणि "झालं रे बाप्पा!" म्हणून ओरडले. मग पौर्णिमाचा टाकला. या वेळी ते ओरडले नाहीत. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

"वेटिंगवर आहे," ते म्हणाले. "पहिलाच नंबर. वेटिंग म्हणजे नाही असं नसते, बेटा."

पौर्णिमाने मान हलवली. आकांक्षा आधी तिच्याकडे आणि मग सरांकडे बघत राहिली. आपण आनंदी व्हायचं की नाही, हे तिला कळेना.

वर्ध्याजवळच्या त्या सरकारी निवासी शाळेत सहावीला ऐंशी मुलं घेतात. जिल्हाभरातून हजारो बसतात. परीक्षा एकदाच देता येते, पाचवीत. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, असं तिथे चालत नाही. म्हणून श्रावण सर वर्षभर रोज सकाळी साडेसहाला दोघींना शाळेच्या व्हरांड्यात एका चटईवर बसवत. आकांक्षा ही चंदन भोयरची मुलगी. घरची कापसाची शेती. पौर्णिमा अश्विन थूलची. तो वडनेर ते हिंगणघाट सवाऱ्यांची काळीपिवळी जीप चालवायचा. पौर्णिमाची आई ती लहान असतानाच वारली होती आणि आजी मीराबाईनेच तिला वाढवलं होतं.

दोघींत हुशार पौर्णिमा. हे गावात कोणी नाकारलं नसतं, आकांक्षाची आई छायाही नाही. आकांक्षाला अपूर्णांक पौर्णिमानेच शिकवले, छायाच्या स्वयंपाकघरात बसून, ताटातल्या भाकरीचे तुकडे करून. "पोट्टीच्या डोक्यात मशीन आहे," असं छाया म्हणायची. त्यामुळे निकाल ऐकला तेव्हा तिला आधी आनंद झाला आणि लगेच लाज वाटली, जणू आपल्या लेकीने दुसऱ्याच्या ताटातलं उचललं.

संध्याकाळी ती आकांक्षाला घेऊन थूलांकडे गेली. पेढे नेले नाहीत. मीराबाई अंगणात तूर पाखडत होती. पौर्णिमा उंबऱ्यावर बसलेली. डोळे सुजलेले, पण रडत नव्हती.

"अशी बसू नोको व माय," छाया तिच्याजवळ बसली. "मी सांगतो तुले. दरवर्षी एखाददोन पोट्ट्या घरची आठवण काढून रडतात, खात नाई, पित नाई, आन मायबाप त्याईले परत घेऊन येतात. मंग वेटिंगवालीचा नंबर लागते. तुहाही लागन. पाहजो तू."

"खरंच?" हे पौर्णिमाने विचारलं नाही. आकांक्षाने विचारलं.

"खरंच तं काय!" छाया म्हणाली.

ती हे मनापासून बोलली होती. कुणाकडून तरी ऐकलेलं होतं, आणि त्या घडीला हाताशी तेवढंच होतं.

त्यानंतर अश्विनचा फोन हा घरातला चौथा माणूस झाला. तो शर्टाच्या खिशात, छातीशी असायचा. गाडी चालवताना अनोळखी नंबर आला की अश्विन काळीपिवळी रस्त्याच्या कडेला घ्यायचा, भरल्या सवाऱ्यांसकट. सवाऱ्यांनाही ठाऊक झालं होतं. फोन वाजला की गाडीत सगळे गप्प व्हायचे. फोन बहुतेक वेळा विम्याचा असायचा. अश्विन "नाई पाहिजे" एवढंच म्हणून गाडी पुन्हा रस्त्यावर घ्यायचा, आणि मागून एखादी बाई हळूच म्हणायची, "येईन भाऊ, येईन."

जूनच्या शेवटी गावातल्या हायस्कूलमध्ये पौर्णिमाचं नाव सहावीत घातलं. पुस्तकं मिळाली. तिने त्यांना कव्हर घातलं नाही, नावही लिहिलं नाही.

"काऊन व?" मीराबाईने विचारलं.

"वापस करा लागन तं खराब नाई दिसली पाहिजे," ती म्हणाली.

आकांक्षा जुलैत गेली. छाया आणि चंदन तिला एसटीने वर्ध्याला घेऊन गेले, पलंग दाखवला, कपाट लावून दिलं. निघताना आकांक्षा रडली नाही. उलट आईलाच म्हणाली, "जा आता, गाडी चुकन." पहिल्या भेटीच्या रविवारी ती पळत आली. कपाळाला माती लागलेली; खो-खो खेळत होती. दुसऱ्यांदाही तसंच. छायाचा जीव भांड्यात पडला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून फोन आला. मुलगी जेवत नाही. दोन दिवस झाले, ताट तसंच परत येतं. विचारलं तर म्हणते, घरी जायचं.

दोघं गेले. तिथल्या मॅडम समजूतदार होत्या. "सुरुवातीला होतं असं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस घरी न्या, लाड करा, परत आणून सोडा. हिची प्रगती चांगली आहे. ही राहील."

आठ दिवस आकांक्षा घरी व्यवस्थित जेवली. परत नेऊन सोडलं. चौथ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलेल्या हाताने तिने आईचा पदर धरला. "मले घरी ने. मी नाई राहत इथं."

चंदन तिच्यावर आयुष्यात कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. गाव काय म्हणेल, सरांनी वर्षभर मेहनत घेतली, त्या पौर्णिमाकडे बघ जरा, तिला मिळालं असतं तर तिने काय केलं असतं! पौर्णिमाचं नाव निघालं तशी आकांक्षाने डोळे मिटून घेतले.

ऑगस्ट संपता संपता त्यांनी दाखला काढला. मॅडमनी दोनदा विचारलं, "नक्की?" चंदनने सही केली. त्याच दिवशी तिघं एसटीने घरी परतले.

पाचव्या दिवशी सकाळी छाया तिची वेणी घालत होती. आकांक्षा म्हणाली, "आई, पौर्णिमाले फोन आला काय?"

"कशाचा?"

"शाळेतून. मी निघाली ना आता. किती दिवस लागते फोन याले?"

छायाच्या हातातले केस सुटले. तिने मुलीचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं.

"तुले आठवन येत होती ना घरची?"

"येत होती. थोडी थोडी."

"मंग जेवत काऊन नव्हती?"

"तूच तं म्हन्ली होती," आकांक्षा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आईला एवढं साधं कसं आठवत नाही, असं नवल होतं. "खात नाई, पित नाई, तं वापस आनतात. आन वेटिंगवालीचा नंबर लागते. मी वाट पाह्यली ना आई. कोनीच पोट्टी घरी जाऊन नव्हती राह्यली. एक रडत होती आमच्या खोलीतली, तिचंही मन लागलं. मंग मीच."

छायाने वेणी तशीच अर्धी सोडली. मग उठून तिने श्रावण सरांना फोन लावला. सर शाळेत जायच्या आधी सायकलवर आले, ओसरीत बसले, आणि तिने सांगितलेलं सगळं मान खाली घालून ऐकलं.

"सर, परत घेईन काय हिले? मी पाय धरतो त्या मॅडमचे."

"मी काल बोललो होतो तिकडे," सर म्हणाले. "जागा भरली, वहिनी. तळेगावकडची एक पोरगी परवाच दाखल झाली."

"तळेगावची? पौर्णिमाचा नंबर होता ना!"

"पौर्णिमाचा नंबर दुसऱ्या यादीत होता. आकांक्षाची यादी ओबीसी मुलींची. पौर्णिमाची एससी मुलींची. हिची जागा हिच्याच यादीत जाते. पौर्णिमाच्या यादीतलं कोणी निघालं असतं, तं तिचा नंबर लागला असता. ती यादी आहे म्हणून तं तिच्यासारख्या पोरी तिथं पोहोचतात. ह्या वर्षी त्या यादीतलं कोणी हललं नाही, एवढंच."

"तुमाले पहिल्यापासून मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"एका चटईवर बसत होत्या दोघी," सर म्हणाले. "त्याईले कोणत्या तोंडानं सांगू, का तुमची यादी वेगळी आहे? वाटलं, होईन तिचं, सांगायची वेळच नाई येनार." त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "मोठी चूक झाली माझी."

"चूक माही आहे," छाया म्हणाली.

आकांक्षा दाराशी उभी होती. अर्धी वेणी घातलेली, अर्धी मोकळी. तिला सगळं समजलं नव्हतं, पण फोन येणार नाही, एवढं समजलं होतं.

छाया एकटीच थूलांकडे गेली. अश्विन गाडी धूत होता. तिला पाहून त्याने नळ बंद केला.

"अश्विनभाऊ, आकांक्षाची जागा..."

"मले मालूम आहे, वहिनी," तो म्हणाला. "ती आली त्याच दिवशी म्या फोन केलता शाळेत. त्याईनं सांगतलं." तो हातातल्या फडक्याकडे बघत बोलला. "एक गोष्ट सांगू? तुमची पोरगी वापस आली म्हनून ऐकलं, आन मी खूश झालो. पोरीनं अन्न सोडलं, चक्कर येऊन पडली, आन मी इथं खूश. मंग फोन लावला. तवापासून तुमच्या घरासमोरून गाडी नाई नेली."

छायाला वाटलं, इथूनच मागे फिरावं. पण तिने सांगितलं. आपण एप्रिलमध्ये काय बोललो, पोरीने ते कसं धरून ठेवलं, ताट कसं परत जात राहिलं. सांगून झालं तेव्हा अश्विन गाडीच्या पायरीवर बसला होता, आणि घराच्या दारात पौर्णिमा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती छायाच्या बाजूने निघून रस्त्याला लागली. छाया मागे धावली. भोयरांच्या ओसरीत पोचेपर्यंत पौर्णिमा आकांक्षासमोर उभी होती, धापा टाकत.

"तुले कोनं सांगतलं होतं?"

आकांक्षा मागे सरकली.

"म्या म्हन्लं होतं काय तुले, माह्यासाठी ये म्हनून?" तिने आकांक्षाला दोन्ही हातांनी ढकललं. आकांक्षा भिंतीला टेकली. "तू राह्यची होती तिथं! तू राह्यची होती ना! आता कोनीच नाई तिथं आपलं. तूही नाई, मीही नाई."

आणि मग एप्रिलपासून न रडलेली ती पोर रडली. छायाने जवळ घ्यायला हात पुढे केला, तो तिने झटकला. आकांक्षा भिंतीला टेकून नुसती तिच्याकडे बघत राहिली.

आकांक्षाचंही नाव गावच्या हायस्कूलमध्ये घातलं. दोघी एका वर्गात, पण पौर्णिमा पहिल्या बाकावर आणि आकांक्षा खिडकीजवळ, शेवटच्या. गावात लोक बोलत. कोणी म्हणे, भोयराच्या पोरीला लाडाने बिघडवलं. कोणी म्हणे, नशीब. खरं कारण तीन घरांबाहेर गेलं नाही; चंदनलाही छायाने ते बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तो ऐकून शेतात निघून गेला. जेवायला परत आला तेव्हा आकांक्षाच्या ताटात त्याने स्वतः भाकरी वाढली आणि ती खाईपर्यंत शेजारून उठला नाही.

सप्टेंबरअखेर प्रवेश बंद झाले. पौर्णिमाच्या यादीतलं कोणीच निघालं नव्हतं. त्या संध्याकाळी अश्विनने पुस्तकांना जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घातली. पौर्णिमाने त्यावर नाव लिहिलं, इयत्ता लिहिली. शाळेचं नाव लिहिताना मात्र तिने पेन बापाच्या हातात दिलं.

दिवाळीच्या सुटीत एका दुपारी छाया चिवड्याचे पोहे भाजत होती. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर पौर्णिमा.

"काकू, आकांक्षा आहे?"

आकांक्षा आतल्या खोलीतून आली आणि चौकटीतच थांबली. पौर्णिमा स्वयंपाकघरात खाली बसली. आकांक्षाही हळूच समोर येऊन बसली. मग पौर्णिमा म्हणाली, "ते कसं आहे, सांग."

"काय?"

"शाळा. कशी आहे?"

आकांक्षाने आईकडे पाहिलं. "बेकार आहे," ती म्हणाली. "पहाटीच उठा लागते. भाजीत पानीच राह्यते. मच्छर..."

"खोटं नोको बोलू," पौर्णिमा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "चांगलं आहे ते सांग."

छायाने गॅस बारीक केला. तिला पाठ फिरवावीशी वाटत होती आणि ऐकावंसंही वाटत होतं.

"लायब्ररी आहे," आकांक्षा म्हणाली. "मोठी. खाली बसूनही वाचू देतात." ती थांबली. "गनिताचे सर आहेत, ते फळ्यावर एकच गनित तीन तऱ्हेनं सोडवतात. तुले आवडले असते." पुन्हा थांबली. "माह्या पलंगाच्या बाजूले खिडकी होती. माही मैत्रीन झालती एक, आर्वीची. खो-खोच्या टीममध्ये घेतलं होतं मले."

"मंग?"

"मंग काय... मले लई आवडत होतं तिथं," आकांक्षा म्हणाली, आणि तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

पौर्णिमा थोडी सरकून तिच्याजवळ बसली. तिने आकांक्षाला हात लावला नाही, रडू नको असंही म्हटलं नाही. ती रडून होईपर्यंत थांबली.

"सकाळपासून सांग," मग ती म्हणाली. "उठल्यावर पहिले काय करतात?"