कव्हराखालची लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. मला दोनच दारे, दोनच आसने. माझ्यात बसायचे म्हणजे आधी टेकायचे आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. कारखान्यातून निघताना एका तपासनीस बाईंनी माझ्या रंगावरून तळहात फिरवला होता आणि एकही दोष न काढता त्या पुढच्या गाडीकडे वळल्या होत्या. ती माझी पहिली शाबासकी.

मला एका चष्म्याच्या दुकानदाराने घेतले. सुरुवातीची वर्षे मजेत गेली. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याची बायको मला घेऊन तळ्याकडे निघत. बाई खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरत.

पुढे कारखान्याने माझ्यासारख्या गाड्या बनवणे थांबवले. लोक वळून माझ्याकडे पाहू लागले, आणि मालकाच्या जिवाला घोर लागला. तो मला चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने पुसू लागला. तळ्याकडचा खडीचा रस्ता बंद झाला. झाडाखाली उभे राहणे बंद झाले, कारण वर पक्षी बसतात. बाजारात तो मला इतक्या लांब उभी करी, की बाई म्हणत, "एवढं चालायचंच होतं तर गाडी काढली कशाला?"

शेवटी तो मला बाहेर काढीनासाच झाला. माझ्यावर करडे कव्हर आले. अंगावर एक ओरखडा नव्हता, पण बॅटरी उतरली आणि टाकीतले पेट्रोल शिळे झाले. एका रविवारी त्याने चावी फिरवली, तेव्हा मी नुसती खोकले. "म्हातारी झाली," तो हळहळला.

त्याच सुमारास कारखान्याने माझ्याच नावाची नवी गाडी काढली. मला देऊन तिला घ्यायचे मालकाच्या मनात आले. मला दुरुस्त करून शोरूमच्या आवारात तिच्या शेजारी उभे केले. खरे सांगते, ती देखणी होती. मला तिचा राग आला नाही. भीती मात्र वाटली, कारण मला पुढे कोण नेणार हे कुणीच बोलत नव्हते.

मालक आणि बाई तिला घेऊन चक्कर मारायला गेले. दोनच आसने असल्यामुळे विक्रेता मागे राहिला. बराच वेळ झाला, तसा तो फाटकापर्यंत फेऱ्या घालू लागला. दोघे परतले ते धुळीने माखून. थेट तळ्यावर जाऊन आले होते, खडीच्या रस्त्याने. बाईंचे हसू थांबत नव्हते. नव्या गाडीच्या दारावर खडा लागून रंगाचा बारीक टवका उडाला होता. मालकाने तो ओशाळून दाखवला. विक्रेता त्यावरून बोट फिरवत म्हणाला, "होतं साहेब. रस्त्यावरची गाडी आहे."

मालक खुशीत होता. इतक्या वर्षांत गाडी चालवण्याची अशी मजा आली नव्हती, हीच घेऊ, असे तो म्हणत होता. तेव्हा बाईंनी माझ्या टपावर कोपर टेकले.

"गाडी छानच आहे हो. पण घेतलीत की उद्या हिलाही कव्हर शिवाल. आज मजा आली, कारण ती आपली नव्हती."

मालकाने नव्या गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. विचार करून कळवतो, असे त्याने विक्रेत्याला सांगितले. गिऱ्हाईक हातचे गेल्याचे विक्रेत्याला कळले असावे, कारण त्याने दोघांना चहासुद्धा विचारला नाही.

परतताना दोन रस्ते फुटतात. उजवीकडे डांबरी, घराचा. डावीकडे खडीचा. मालक क्षणभर थांबला आणि डावीकडे वळला. थोडे पुढे गेलो तोच एक खडा उडून माझ्या दारावर आदळला. मालकाने ब्रेक दाबला आणि खाली उतरून, वाकून त्या जागेवर अंगठा ठेवला. माझे इंजिन धडधडत होते.

"लागलं का?" बाईंनी विचारले.

"होतं," तो म्हणाला आणि आत येऊन बसला.

मित्रांनो, त्या दिवशी मी मोकळा श्वास घेतला. कव्हर आजही आहे, पण रविवारी ते कोपऱ्यात पडलेले असते. तुमच्या आवडत्या वस्तू जरूर पुसा, जपा, पण त्यांना त्यांचे काम करू द्या. टवक्यावर मालकाने गंज धरू नये म्हणून लाल रंगाचा ठिपका लावला आहे. तो थोडा गडद झाला आहे. कधी भेटलात तर जवळ येऊन बघा. मला तो मिरवायला आवडतो.