एक सन्माननीय सदस्य

"मानवजातीच्या समतेच्या लढ्यात नेवासे तालुक्याचा वाटा नेमका किती, याचा निवाडा एक दिवस इतिहासाला करावाच लागेल!"

हे वाक्य माजी आमदार वैजनाथराव दहातोंडे यांनी सकाळी सव्वासात वाजता, गालाला दाढीचा साबण लावून, गोठ्याच्या दिशेने उच्चारलं. गोठ्यात एक म्हैस होती आणि त्यांच्या पत्नी मुक्ताबाई होत्या. म्हशीने मान वळवून पाहिलं. मुक्ताबाईंनी तेवढंही केलं नाही.

"हळू बोला. दूध चोरंल ती," एवढंच त्या म्हणाल्या.

इतिहासाला कामाला लावण्याचं कारण ओट्यावर पडलं होतं. आदल्या दिवशी कुरिअरने आलेलं चारशे बारा पानांचं जाडजूड पुस्तक. वर नाव: 'सभागृहात समता: आमदार स्टेला भिंगारदिवे यांची निवडक भाषणे'. मुखपृष्ठावर स्टेलाबाई एक बोट वर करून उभ्या. आत निमंत्रणपत्रिका. रविवारी सकाळी अकरा वाजता नेवासा फाट्यावरच्या मंगल कार्यालयात प्रकाशन; माजी आमदार म्हणून वैजनाथरावांना व्यासपीठावर जागा. प्रकाशन मात्र ऊसतोड कामगार श्रीमती बायडाबाई यांच्या हस्ते.

वैजनाथराव आणि स्टेलाबाई एकाच वर्षी आमदार झाले, शेजारशेजारच्या मतदारसंघांतून. हे सत्ताधारी, त्या विरोधी. त्या आधी शाळेत मास्तरीण होत्या. आता त्यांची तिसरी खेप चालू होती आणि वैजनाथराव पहिल्या खेपेनंतर जे माजी झाले ते माजीच राहिले. पाच वर्षांत त्यांचं सभागृहात एकही भाषण झालं नाही. आडनाव दहातोंडे असलेल्या माणसाच्या बाबतीत हे लोकांना विशेष वाटे. तसं एक भाषण तयार होतं, समतेवरच. ते जाकिटाच्या आतल्या खिशात पाच वर्षं राहिलं. तीनदा त्यांचं नाव पुकारायची वेळ आली. एकदा कामकाज तहकूब झालं, एकदा कोरम नव्हता, आणि एकदा वैजनाथराव कॅन्टीनमध्ये होते.

त्यांनी पुस्तक उघडलं ते सरळ शेवटच्या सूचीवर. 'द' खाली दलित वस्त्या होत्या, दारूबंदी होती, दुष्काळ होता, देवदासी होत्या. त्यानंतर एकदम 'ध' आणि धरणग्रस्त. दारूबंदीला जागा आहे, दहातोंडेला नाही!

"व्हतं का तुमचं नाव?" गोठ्यातून आवाज आला.

"अजून बघितलं न्हाई," वैजनाथराव म्हणाले. त्यांनी चारदा बघितलं होतं.

मग ते पान दोनशे सतरावर गेले. हेच ते पान. नऊ वर्षांपूर्वीचं नागपूरचं हिवाळी अधिवेशन. जेवणानंतरची वेळ, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या हक्कांवर चर्चा. गरोदर बाईला फडात काम लावू नये, बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी, असं स्टेलाबाई कागद बघून सांगत होत्या. सभागृह पेंगुळलेलं. वैजनाथरावांच्या पुढच्या बाकावरच्या एका ज्येष्ठाने मागे वळून म्हटलं, "अरे, कुणीतरी बोला, नाहीतर ही बाई संध्याकाळपर्यंत थांबत नाही." वैजनाथराव नवे होते, आज्ञाधारक होते आणि नुकतेच जागे झाले होते. ते बसल्या जागेवरून ओरडले. पुस्तकात ते असं छापलं होतं:

'एक सन्माननीय सदस्य: मग मोळ्या काय आमदारांनी उचलायच्या का?'

'श्रीमती स्टेला भिंगारदिवे: अध्यक्ष महोदय, ही सूचना मी मनापासून स्वीकारते. सन्माननीय सदस्यांनी उद्या एक मोळी डोक्यावर घ्यावी आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढून दाखवावं. ते वर पोहोचले, तर मी माझी मागणी मागे घेते. आणि नाही पोहोचले, तर त्यांनी एवढंच सांगावं, की जे त्यांना रिकाम्या पोटी जमलं नाही ते बाईने भरल्या पोटी का करावं. (हशा, टाळ्या, बाके वाजवण्यात आली.)'

त्यानंतर सभागृह जागं झालं. कॅमेरा बाईंवर होता, त्यामुळे तेवढा तुकडा गावोगाव मोबाईलवर फिरला. बाईंचं नाव झालं. परिसंवादांना बोलावणी आली, दिल्लीच्या एका संस्थेचा पुरस्कार आला. मुक्ताबाई तर धार काढताना मोबाईल खुंटीला अडकवून तो तुकडा लावत. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत वैजनाथरावांच्या सख्ख्या नातीने हाच सवाल-जवाब म्हणून पहिला नंबर काढला. सन्माननीय सदस्याचं वाक्य तिने घोगऱ्या, बावळट आवाजात म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांना राहून राहून वाटत होतं, की आपण एवढं घोगरं नव्हतो बोललो.

हा माणूस कोण, हे गावात कुणालाच कळलं नव्हतं. कळू नये याची तजवीज वैजनाथरावांनीच त्या दिवशी केली होती. भाषणं टिपून घेणाऱ्या प्रतिवेदकांच्या खोलीत ते संत्रा बर्फीचा किलोचा डबा घेऊन गेले होते. तिथला गृहस्थ म्हणाला होता, "साहेब, बर्फीची काही गरज नाही. उभं न राहता कुणी ओरडलं आणि नाव टिपता आलं नाही, तर आम्ही 'एक सन्माननीय सदस्य' एवढंच लिहितो. पद्धतच आहे तशी." वैजनाथरावांना त्या पद्धतीचा इतका आनंद झाला, की डबा तिथेच ठेवून ते आले.

आणि आता तीच पद्धत त्यांच्या उरावर बसली होती. पाच वर्षांत एक वाक्य, आणि तेही बेवारस!

"मी म्हणतो," ते मुक्ताबाईंना म्हणाले, "बाईंनी जवाब दिला, मान्य. पण सवाल कुणाचा हुता? मी बोललोच नसतो, तर ह्या बाई आकडेवारीच वाचत बसल्या असत्या का न्हाई?"

मुक्ताबाईंनी प्रथमच वर पाहिलं. "म्हंजी ते बेनं तुमी हुता?"

नऊ वर्षं झाकलेली गोष्ट अशी दाढीच्या साबणातून बाहेर आली. मुक्ताबाई चरवी घेऊन उठल्या आणि दोन दिवस त्यांनी चहा दिला तो न बोलता.

शुक्रवारी वैजनाथराव पुस्तकाचे संपादक फिलिप सरांकडे गेले. फिलिप सर कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. मिशनच्या शाळेमागे त्यांचं छोटं घर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे ते वाक्य काढायचं आहे?"

"काढायचं नाही, नाव घालायचं आहे!"

"वैजनाथराव, त्या वाक्याचा अर्थ तुम्ही..."

"अर्थाचं सोडा. संसदीय योगदान आहे ते माझं."

फिलिप सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "अडचण अशी आहे, की गेल्या महिन्यात पाथर्डीच्या बाजूचे माजी आमदार गहिनीनाथराव येऊन गेले. ते म्हणतात, ते वाक्य त्यांचं आहे."

आतापर्यंत वैजनाथराव फक्त बाईंवर जळत होते. बाईंची भाषणं, बाईंचा पुरस्कार, बाईंचं वर केलेलं बोट. आता आणखी एक भट्टी पेटली. "गहिनीनाथ? अहो, तो त्या दिवशी सभागृहात नव्हताच! दीक्षाभूमी बघायला गेला होता सगळ्या कुटुंबाला घेऊन!"

"ते म्हणतात, मीच ओरडलो, आवाज माझाच आहे."

"त्याचा आवाज? त्याचा आवाज चिरका! नीट ऐका ना मोबाईलवर, किती घोगरा आवाज आहे!"

"पुरावा नाही कुणाकडे," फिलिप सर म्हणाले. "म्हणून मी दोघांनाही सन्माननीयच ठेवतो."

रविवारी मंगल कार्यालय भरलं. पुढच्या चार रांगांत ऊसतोड करणाऱ्या बायका बसल्या होत्या. मागे, कडेला उभ्याही होत्या. वैजनाथराव व्यासपीठावर गादीच्या खुर्चीत, जाकीट घालून. मुक्ताबाई खाली, दुसऱ्या रांगेत. गहिनीनाथराव आले नव्हते; त्यांचा शुभेच्छासंदेश आला होता. तो वाचला जात असताना वैजनाथरावांनी प्रत्येक शब्द दात खाऊन ऐकला. 'या ऐतिहासिक चर्चेचा मी एक जिवंत साक्षीदार' हे शब्द आले, तेव्हा त्यांच्या गुडघ्याने टेबलाला धक्का दिला आणि पाण्याची बाटली आडवी झाली.

बायडाबाईंनी पुस्तकाची रिबीन सोडली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, शिडशिडीत बाई. पुस्तक हातात तोलून बघत त्या म्हणाल्या, "लई जड हाय की वो बाई." त्यावर एवढ्या टाळ्या पडल्या, की वैजनाथरावांना ह्या बाईचाही हेवा वाटला. सहा शब्दांत! आणि आपण भाषण तयार करून पाच वर्षं बसलो होतो.

मग सूत्रसंचालकाने माजी आमदारांना 'दोन शब्द' बोलायची विनंती केली.

वैजनाथराव उठले. माईकचा दांडा त्यांनी मुठीत धरला. "बंधू-भगिनींनो, दोन नाही, मी एकच वाक्य सांगायला आलोय," ते म्हणाले आणि साडेअकरा मिनिटं बोलले. लोकशाहीत उत्तराइतकंच प्रश्नाला महत्त्व असतं, हे त्यांनी तीन प्रकारे सांगितलं. पान दोनशे सतरा उघडून दाखवलं. "या पानावर बाईंचं नाव आहे. अध्यक्षांचा उल्लेख आहे. हशा आहे, टाळ्या आहेत. एवढंच काय, बाकांचाही उल्लेख आहे! मग ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो माणूसच तेवढा निनावी का? काही लोक तर, मी नाव घेणार नाही, पण पाथर्डीच्या बाजूचे काही लोक दुसऱ्याच्या वाक्यावर हक्क सांगताहेत. आज मी या पवित्र व्यासपीठावरून जाहीर करतो. तो सन्माननीय सदस्य मी आहे! मी, वैजनाथ दहातोंडे!"

त्यांनी टाळ्यांसाठी जागा सोडली. जागा रिकामीच राहिली. दुसऱ्या रांगेत मुक्ताबाईंनी पदर असा पुढे ओढला, की बाई आहे का गाठोडं हे कळेना.

स्टेलाबाई जागेवरून उठल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. उलट वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाने एकदाचा हात वर करावा, तसा चेहरा होता.

"खरं आहे," त्या माईकजवळ येऊन म्हणाल्या. "ते वैजनाथरावच. मी समोरच उभी होते, पाहिलं होतं मी."

"मग नाव का नाही घातलं?" वैजनाथराव जवळजवळ ओरडलेच.

"तुम्हीच नाही का दुसऱ्या दिवशी लॉबीत हात जोडलेत? म्हणालात, बाई, सोयरीक जमवायची आहे लेकीची, नाव बाहेर येऊ देऊ नका. मी शब्द दिला होता, तो पाळला. नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता तुम्ही स्वतःच मोकळं केलंत." त्या फिलिप सरांकडे वळल्या. "सर, पुढच्या आवृत्तीत नाव घाला. पूर्ण घाला, वडिलांच्या नावासकट. सूचीतही घ्या."

फिलिप सरांनी वहीत लिहून घेतलं. लॉबीतलं ते हात जोडणं वैजनाथराव सोयीने विसरून गेले होते.

झालं. मिळालं. वैजनाथरावांना वाटत होतं, की आपल्याला आता फार बरं वाटेल. पण बाईंनी इतक्या सहज दिलं, की घेताना हात ओशाळले. नऊ वर्षं आपण जिच्यावर जळलो, ती नऊ वर्षं आपली अब्रू सांभाळत होती, आणि तेही कुणाला न सांगता. म्हणजे यातही तीच पुढे! हे काही त्यांना सहन होईना.

एवढ्यात व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला बायडाबाई उठल्या. सभागृहात चुळबूळ झाली. पुढच्या चार रांगा ताठ बसल्या. बायडाबाई पुस्तक काखेत मारून सावकाश चालत आल्या आणि वैजनाथरावांसमोर उभ्या राहिल्या. त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

"ते तुमी व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो," वैजनाथराव म्हणाले. मग जाकीट खाली ओढून, जे होईल ते सन्मानाने घ्यायचं ठरवून, त्यांनी भाषा बदलली. "व्हय. मीच."

फोटोग्राफर पुढे सरसावला. कोपऱ्यात एकीने दुसरीचा हात धरला. माईक चालूच होता.

"बरं झालं तुमी उठला," बायडाबाई म्हणाल्या. "तेवढी तुमची खुर्ची खाली देता का? माझी सून दोन जीवांची हाय, मघाधरनं उभीच हाय."