नऊशे दोनची चौकशी
परभणीत कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात उभी राहिलेली ती इमारत चौदा मजल्यांची आहे. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा वळवलेला. लांबून कुणी ओलं धोतर पिळून उभं केल्यासारखी दिसते. बंद गोदामांत आता दुकानं आहेत, समोर कारंजं आहे.

रविवारी झरीचे भगवानराव मुलीसाठी, शुभदासाठी, स्थळाचं घर बघायला तिथं आले. मुलगा हरिओम, फ्लॅट नऊशे दोन. फ्लॅट स्वतःचा, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. मंडळी वर गेली. भगवानरावांची बहीण दगडाबाई खालीच थांबली. शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या घरात आजवर सोयरीक झालेली नव्हती.

वॉचमन म्हणाला, "गाडीचा नंबर विचारा, सांगतो. माणसाचं मला काय माहीत?" पहिल्या मजल्यावर कुणी दार उघडलं नाही. चौथ्यावर एका बाईनं उलट विचारलं, "नऊशे दोन? तिथं कुणी राहतं?"

ज्याला कुणी ओळखत नाही त्याला मुलगी द्यायची नाही. वर जाऊन तसं सांगायचं ठरवून दगडाबाई लिफ्टमध्ये शिरली. मधेच लाइट गेली आणि लिफ्ट अडकली.

अंधारात वरून आवाज आला, "लिफ्टमध्ये कुणी हाय का?"

"हाय!"

"घाबरू नका मावशी. वॉचमन जनरेटर चालू करायलाय. मी थांबतो इथं."

"तू कोण रे?"

"नऊशे दोनवाला."

दगडाबाईनं पदर सारखा केला. "घरी काम न्हाई का तुला?"

"पाव्हणे बसलेत. पण लाइट गेली की मी लिफ्ट बघतोच. माझी आई अडकली होती एकदा, कुणी आलं न्हाई."

"कसले पाव्हणे?"

"मुलीकडचे."

"कशी हाय मुलगी?"

"फोटोत तर हसायलीय. बाकीचं भेटल्यावर."

"घर सोताचं हाय न्हवं?"

वरचा आवाज हळू झाला.

"किरायाचं. मध्यस्थानं त्यांना सोताचं सांगितलंय, मला आत्ता कळालं. आई म्हणती गप बस, सोयरीक मोडंल."

"मग?"

"सांगणार. तुमी निघा तर आधी."

खाली जनरेटर धडधडला. नवव्यावर दार उघडलं.

"कुणाकडं जायचं मावशी?"

"तुझ्याचकडं. मी मुलीची आत्या."

हरिओम बाजूला सरला आणि तिला घरी घेऊन गेला.

आत भगवानरावांनी विचारलं, "अक्का, झाली चौकशी?"

दगडाबाईनं हरिओमकडं बघितलं. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "काका, फ्लॅट किरायाचा आहे."

त्याच्या आईनं डोळे मिटले. भगवानराव बहिणीकडं वळले.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "शेजारी लय चांगला हाय त्यो. पुढचं बोला."