आणायला कोण येणार?

धावपट्टीशेजारच्या खोलीत एक फळा होता. लांबच्या उड्डाणाला निघणाऱ्याने त्यावर आपलं नाव, मार्ग आणि परतायची वेळ लिहायची. शेवटचा रकाना होता, 'आणायला कोण येणार?' तो रिकामा असेल, तर उड्डाण नाही.

कारण ग्लायडरला इंजिन नसतं. विंच नावाचं यंत्र लांब दोरीने त्याला वर ओढतं, दोरी सुटते, आणि पुढचं सगळं हवेवर. तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा शोधायची, तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती खर्च करत पुढे जायचं. हवा नाही सापडली, तर दिसेल त्या चांगल्या शेतात उतरायचं. मग कोणीतरी गाडीमागे लांबलचक ट्रेलर जोडून येतं, पंख सोडवून विमान त्यात भरतं आणि घरी आणतं.

बाईंच्या नावापुढे सव्वीस वर्षं त्या रकान्यात त्यांच्या यजमानांचं नाव होतं. मागच्या हिवाळ्यात ते गेले.

बाई शाळेत भूमिती शिकवत आणि रविवारी इथे नवशिक्यांना उडायला. त्या दिवशी त्यांनी खडू उचलला आणि लिहिलं, 'भाचा'.

"येईल ना तो?" विंच चालवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं. सगळे त्यांना दोरीवाले म्हणत.

"बोलावलं की येईल. दोरी ओढा, ऊन वाया चाललंय."

दोरीवाल्यांनी फळ्याकडे पाहिलं, मान खाजवली आणि ते निघाले.

भाचा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. परतायला चार महिने होते. दुसरं कोणाला विचारणार? 'काही लागलं तर सांगा' असं पुष्कळ जण म्हणाले होते. पण ते वाक्य चपला घालता घालता म्हणायचं असतं, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, कुठेही न उतरता परत यायचं. म्हणजे प्रश्नच मिटला.

दुपारपर्यंत हवेने साथ दिली. एका ढगाखालून दुसऱ्या ढगाखाली जात त्यांनी मार्गावरची दोन्ही ठरलेली वळणं घेतली. रेडिओ मात्र गप्प होता. पूर्वी खालच्या रस्त्यावरून यजमानांची गाडी चालायची आणि अर्ध्या तासाने आवाज यायचा, "कुठवर आलीस?"

"तुमच्या डोक्यावर."

"मग जरा सावली पाड की. गाडी तापलीये."

आता खालच्या रस्त्यावर गाड्या होत्या, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या.

परतीच्या वाटेवर आकाशात वरच्या थरात पातळ ढग पसरला. ऊन विझलं, जमीन निवली. बाईंनी तीन ठिकाणी घिरट्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी चढउतार दाखवणारा काटा खालीच. उंची सातशे मीटर, घर चोवीस किलोमीटर, आणि मध्ये आठ किलोमीटर रुंद जंगल. जंगलात ग्लायडर उतरवता येत नाही.

हाच प्रश्न बाई रविवारी नवशिक्या मुलांना विचारत. "शांत हवेत हजार मीटरवरून किती जाल?"

"तीस किलोमीटर, बाई."

"भरवसा कितीचा?"

"पंधराचा."

"उरलेले कोणाचे?"

"वाऱ्याचे!"

वारा समोरून होता. शेतातला धूर स्पष्ट सांगत होता. तरी बाई म्हणत राहिल्या की जंगलावर वारा कमी असेल, कडेला थोडी हवा मिळेल, वेग जरा कमी ठेवला तर जमेल. भूमितीच्या बाई आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर आधी ठरवून गणित मांडत होत्या.

साडेचारशे मीटरवर जंगलाची कड आली. शेवटची कापलेली शेतं डाव्या पंखाखालून मागे सरकू लागली. आता पुढे गेलं, तर परत फिरणं नव्हतं. आणि पुढे का जायचं? एका फोनची लाज वाटते म्हणून? एखाद्या विद्यार्थ्याने हे कारण सांगितलं असतं, तर बाईंनी त्याला महिनाभर जमिनीवर बसवलं असतं.

त्या वळल्या. शेत निवडलं. लांब, तारा नसलेलं, वाऱ्याकडे किंचित चढणारं. चाक ढेकळांवर धडधडलं, विमान थांबलं, एक पंख हळूच जमिनीला टेकला. चहूकडे माणूस नव्हतं. बाई बराच वेळ पट्टे न सोडता बसून राहिल्या. मग फोन लावला.

"दोरीवाले, मी शेतात आहे."

"हाडं?"

"जागच्या जागी. विमानाचीही."

"मग भाच्याला कळवू?"

"तो जहाजावर आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग दोरी कशाला ओढलीत?"

"तिथे मी चुकलो. बाईंना खोटं पाडायचा धीर होईना." मग ते म्हणाले, "दोन विमानं अजून वर आहेत. ती उतरली की ट्रेलर जोडतो. तीन तास धरा. आणि उद्या फळ्यावर शंभर वेळा लिहा, 'मी खोटं नाव लिहिणार नाही.' फळा मोठा आहे."

बाई हसल्या. फोन ठेवल्यावर शेत आणखी मोठं वाटलं.

दोरीवाले आले तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. दोघांनी ट्रेलर उघडला. पंख एकट्याने निघत नाही. एकाने विमानाच्या धडाजवळ, पंखाच्या बुंध्याशी बसून तो अडकवणारा खिळा ओढायचा आणि दुसऱ्याने टोक धरून वजन तोलायचं.

"टोक कसं धरू? मांडीवर की हातावर?" दोरीवाल्यांनी विचारलं.

बाईंना सांगता येईना. सव्वीस वर्षं त्यांचं डोकं बुंध्याशी, खिळ्यापाशी असायचं आणि टोक यजमानांच्या हातात. टोकाला काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या हात लावत आणि खिळा निघे.

"थोडं वर. नाही, खाली. थांबा, पुन्हा वर."

सातव्या खेपेला खिळा निघाला. दोरीवाले मनगट चोळू लागले. "ते दर वेळी हे करायचे? कधी बोलले नाहीत?"

"मी विचारलं नाही."

दुसरा पंख उरला होता. दोरीवाले त्याच्या टोकाकडे निघाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही खिळ्याशी बसा. टोक मी धरते."

पंख वाटला होता त्याहून जड होता. टोकापासून खिळा दिसत नव्हता, बुंध्याशी वाकलेला माणूसही नीट दिसत नव्हता. हाताला मात्र पलीकडची लहानसहान हालचाल जाणवत होती. बाईंनी पाय रोवले.

"सांगा," त्या म्हणाल्या, "वर की खाली?"